संगणकाचा मृत्युदिन कोण ठरवतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीने विंडोज १० ह्या आपल्या कार्यप्रणालीची देखभाल थांबवली. त्या दिवशी जगात कोठेही एकही संगणक त्या कारणाने बंद पडला नाही. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये विठ्ठलवाडी स्टेशनापासून लालचक्कीपर्यंत टायपिंगची आणि झेरॉक्सची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांतले पडदे दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे उजळले. भाडेकरार छापले गेले, परीक्षांचे अर्ज भरले गेले, विजेची बिले भरली गेली. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची बातमी होत नाही, आणि ज्याची बातमी होत नाही त्यावर मोर्चा निघत नाही. आपल्या पक्षाच्या एखाद्या शाखेने ह्या प्रश्नावर साधा ठराव केल्याचेही प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

ह्या उदासीनतेला कारण आहे. संगणक हा विषय आपल्या चळवळीने कायमच इंजिनिअरांच्या स्वाधीन केला. धान्य, रॉकेल, पाणी, एस. टी.चे भाडे हे आपले प्रश्न. यंत्राच्या पोटात काय चालते ते ज्याचे त्याने पाहावे, अशी आपली समजूत. परंतु ज्या यंत्राशिवाय आज रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त होत नाही, जातीचा दाखला निघत नाही, पतसंस्थेतली ठेव मोजता येत नाही, त्या यंत्राचे आयुष्य किती हे सातासमुद्रापलीकडची एक कंपनी एका पत्रकाने ठरवत असेल, तर हा मालमत्तेचा आणि मक्तेदारीचा, म्हणजे निव्वळ राजकीय अर्थशास्त्राचा प्रश्न होय.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राला चालवणारी मूळ आज्ञावली. तिच्यात कोट्यवधी ओळी असतात आणि त्या माणसांनी लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत चुका असतात. काही चुका निरुपद्रवी, काही मात्र अशा की त्यांतून परका माणूस दूर बसून यंत्राचा ताबा घेऊ शकतो. अशा फटी सतत सापडत राहतात. कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बुजवण्याचा मसाला पाठवते. त्यालाच आपली मुले अपडेट म्हणतात. मुदत संपणे म्हणजे हा मसाला येणे बंद होणे. यंत्र चालते, पण त्याला भगदाडे पडत राहतात आणि बुजवणारा कोणी नसतो.

ह्यात आणखी एक मेख आहे. नवी प्रणाली म्हणजे संपूर्ण नवे बांधकाम नव्हे. जुन्याच पायावर चढवलेला तो मजला असतो. त्यामुळे नव्या प्रणालीत कोठे काय बुजवले हे कंपनीने जाहीर केले, की चोर ते अपडेट उघडून पाहतो आणि तीच फट जुन्या प्रणालीत शोधतो. नव्याची प्रत्येक दुरुस्ती ही जुन्यावर दरोडा घालणाऱ्याला मिळालेला नकाशा ठरते. म्हणून मुदत संपलेले यंत्र पहिल्या दिवशी जेवढे असुरक्षित असते त्याहून सहा महिन्यांनी अधिक, आणि वर्षाने त्याहून अधिक असुरक्षित असते.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण म्हणजे आपल्याच काही जुन्या साथींचा युक्तिवाद. ते म्हणतात, ही सारी भीती नवा माल खपवण्यासाठी उठवलेली आहे. भांडवलदाराने दाखवलेल्या बागुलबुवाला आपण का भ्यावे? हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक वाटतो, पण तो अर्धवट आहे. माल खपवण्याचा हेतू खरा आहे आणि धोकाही खरा आहे. विक्रेत्याचा स्वार्थ सिद्ध झाला म्हणून चोर खोटा ठरत नाही.

उल्हासनगरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. महापालिका एखाद्या इमारतीवर 'धोकादायक' अशी पाटी लावते आणि आपले कर्तव्य संपले असे मानते. राहणारा पाटी वाचतो, पण जाणार कोठे? तो राहतो. मे २०२१ मध्ये आपल्याच शहरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. पाटी खोटी असते असे म्हणणारा मूर्ख, आणि पाटी लावून मोकळा होणारा गुन्हेगार. १४ ऑक्टोबरची तारीख ही अशीच एक पाटी आहे. फरक इतकाच, की येथे पाटी लावणारा आणि सदोष बांधकाम करून विकणारा एकच आहे.

हा शेवटचा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा, कारण साऱ्या चर्चेत तोच दडवला जातो. २०२६ साली सापडलेली फट २०२६ साली निर्माण झालेली नसते. विंडोज १० हा माल २९ जुलै २०१५ पासून बाजारात आला, आणि त्यातली बहुतेक मोठी भगदाडे तो माल विकला गेला तेव्हापासून त्याच्या पोटात असतात. तो उत्पादनातला दोष आहे. मोटारीच्या ब्रेकमध्ये दोष आढळला तर कंपनी गाड्या परत बोलावते आणि स्वखर्चाने दुरुस्त करून देते. येथे दोष विकणारा म्हणतो, दहा वर्षे झाली, आता दोषाचे धनी तुम्ही. आणि ग्राहक बिचारा स्वतःलाच ओशाळून विचारतो, "माझे मशीन जुने झाले का हो?"

ते जुने झालेले नसते. विंडोज ११ ही पुढची प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, तिच्या अटी पाहा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप हवी. २०१६ साली घेतलेला, आजही जोमाने काम करणारा संगणक ह्या अटींत बसत नाही. कॅनालिस ह्या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता, की ह्या एका निर्णयाने जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. आणि गंमत अशी, की २०१५ साली कंपनीच्याच एका माणसाने जाहीर परिषदेत विंडोज १० ही विंडोजची अखेरची आवृत्ती असल्याचे सांगितले होते! त्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढून यंत्रे घेतली, त्यांनी दाद कोठे मागायची?

ती यंत्रे कोणापाशी आहेत? मोठ्या बँका, विमा कंपन्या, परकीय कंपन्यांची कचेरी ह्यांनी आपली यंत्रे केव्हाच बदलली. त्यांना घसाऱ्याची वजावट मिळते. उरतो तो कॅम्प ४ मधला टायपिंगवाला, मराठा सेक्शनमधली एका खोलीतली शिकवणी, दोन माणसांची पॅथॉलॉजी लॅब, हिशेब लिहिणारा मुनीम, पतसंस्थेची शाखा. त्यांची यंत्रे बहुधा जुन्या बाजारातून घेतलेली असतात. मोठ्या कचेरीने चार वर्षे वापरून टाकलेला संगणक दुरुस्त करून, रॅम वाढवून, पुन्हा कामाला लावायचा ही आमच्या शहराची रीत आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईकर फार वर्षे नाक मुरडून सांगत आले. त्यांना हे उमगले नाही, की लष्कराने युद्धकाळापुरत्या उभारलेल्या बराकींत फाळणीचे निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी ह्या नगराची कोनशिला बसवली, आणि टाकाऊ ठरवलेल्या वस्तूंत जीव ओतूनच हे शहर उभे राहिले. तात्पुरत्या बराकीचे आयुष्य कोणी पत्रकाने ठरवले असते, तर आज हे शहर नसते.

टायपिंगवाल्याची अडचण तर निराळीच आहे. मराठीचा व्यवहार युनिकोडमध्ये येण्यापूर्वी दोन दशके तो श्री-लिपी, आयएसएम अशा प्रणालींवर चालला. वकिलांचे मसुदे, खरेदीखतांचे नमुने, लग्नपत्रिका, संस्थांच्या घटना ही सारी पुंजी त्या जुन्या फाँटांत पडून आहे; आणि त्या जुन्या आवृत्त्या नव्या विंडोजवर चालतीलच असे नाही. म्हणून कोपऱ्यात एखादे विंडोज ७ चे, क्वचित एक्सपीचेही यंत्र ठेवावे लागते. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. इंग्रजीत व्यवहार करणाऱ्याला हा जाच नाही. भाषा मराठी असल्याचा दंड मराठी माणसाने आपल्या सुरक्षिततेतून भरावा, अशी ही व्यवस्था आहे.

पतसंस्थांची कथा याहून गंभीर. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी बँकांना बजावले, की एटीएम यंत्रे अजून एक्सपीसारख्या मुदत संपलेल्या प्रणालींवर चालत आहेत. सप्टेंबर २०१८ पर्यंत चौथा हिस्सा आणि जून २०१९ पर्यंत सगळी बदलून घ्या. एक्सपीची मुदत संपून तेव्हा चार वर्षे उलटली होती, हे जाता जाता नोंदवावे. पण निदान बँकांवर बजावणारा कोणी होता. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या. मोलकरणीची, रिक्षावाल्याची, भाजीवाल्याची ठेव ज्या यंत्रात नोंदलेली आहे, ते कोणत्या प्रणालीवर चालते हे तपासण्याची सक्ती कोणत्या लेखापरीक्षकावर आहे?

मुदत संपली की काय होते, ह्याचा धडा जगाने २०१७ साली घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोजमधली एक फट शोधून काढली होती, आणि ती कंपनीला न कळवता हेरगिरीसाठी स्वतःपाशी दडवून ठेवली होती. पुढे ते हत्यार चोरीला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आले. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला. दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांना त्याचा फटका बसला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-समूह विस्कळीत झाले. सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षा कार्यालयाने दिला. सरकारने २०१४ साली एक्सपीच्या जादा देखभालीसाठी मायक्रोसॉफ्टला ५५ लाख पौंड मोजले होते. पुढच्या वर्षी काटकसरीच्या नावाखाली तो करार वाढवला नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वॉनाक्रायचे बहुसंख्य बळी एक्सपीचे नव्हते. ते विंडोज ७ चे होते, ज्याची मुदत तेव्हा चालू होती आणि ज्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. वापरणाऱ्यांनी ती बसवली नव्हती. तेव्हा सगळे खापर कंपनीवर फोडून आपण सुटत नाही. अपडेट आले की "नंतर" असे बटण दाबणारे आपले कार्यकर्ते ह्या पापात वाटेकरी आहेत. पण एक्सपीचा प्रकार पाहा. त्या प्रणालीचीही दुरुस्ती कंपनीने तयार केलेली होती. मात्र ती जादा पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी राखून ठेवली होती. जगभर रुग्णालये बंद पडू लागली तेव्हा, म्हणजे आग लागल्यावर, ती सर्वांना खुली केली. औषध कपाटात होते. किल्ली पैसेवाल्यापाशी होती.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. त्यानेही तीच फट, इतर क्लृप्त्यांसह, वापरली. युक्रेनमध्ये सुटलेल्या त्या व्हायरसने आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प केले. कीव्हमधल्या संगणकाला लागलेली वाळवी उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लावते, इतके हे जग जोडले गेले आहे. आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांनी तैवानचे उदाहरण लक्षात ठेवावे. तेथील टीएसएमसी ह्या चीप बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीचे कारखाने ऑगस्ट २०१८ मध्ये वॉनाक्रायच्याच एका भावंडाने थांबवले. यंत्रे अपडेट न केलेल्या विंडोज ७ वर चालत होती. सीएनसी लेथ वीस वर्षे चालतो. त्याला हुकूम देणाऱ्या संगणकाची प्रणाली दहा वर्षांत बेवारस होते. मशीन थांबले तर मालकाचा नफा बुडेल, पण कंत्राटी कामगाराचा खाडाच पडेल.

आता किमतीकडे वळू. आयुष्यभर वर्गात मक्तेदारीचा सिद्धान्त शिकवला, पण त्याचे इतके शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडले नव्हते. मुदत संपल्यावरही दुरुस्त्या हव्या असतील तर कंपनी त्या विकते. संस्थांना दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. शाळांना हाच माल अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलरला. घरगुती ग्राहकाला ३० डॉलर, म्हणजे अडीच हजारांहून अधिक रुपये, आणि तेही केवळ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षासाठी. किंवा पैसे नकोत, पण आपले यंत्र कंपनीच्या खात्याला जोडून आपल्या मांडणीची माहिती तिच्या कोठारात ठेवा. युरोपीय ग्राहकाला मात्र फुकट, तेथे खात्यात अधूनमधून प्रवेश केला म्हणजे पुरे. माल एकच. एकदा दुरुस्ती लिहून झाली की दुसऱ्या यंत्राला ती पोहोचवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मग किंमत दर वर्षी दुप्पट का होते? दुसऱ्या वर्षी इंजिनिअरचा पगार दुप्पट होतो म्हणून नव्हे. अडलेला ग्राहक किती पिळला जाऊ शकतो ह्याचा तो अंदाज आहे. जोन रॉबिन्सनबाईंनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात ज्या भेदमूलक किमतीचे विश्लेषण केले, ती हीच. ह्या कंपनीचा जून २०२५ अखेरच्या वर्षाचा निव्वळ नफा १०१ अब्ज डॉलरांहून अधिक होता, तेव्हा देखभाल परवडत नाही हे तिने सांगू नये.

१९२४ साली जिनिव्हात दिव्यांच्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणले, आणि अधिक टिकाऊ बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला. निदान तो बल्ब खरोखर जळत तरी असे. येथे बल्ब लख्ख पेटलेला आहे आणि ग्राहकाला सांगितले जात आहे, की आता ह्याचा शॉक बसेल.

युरोपात दुरुस्ती फुकट का मिळाली? कंपनीला पाझर फुटला म्हणून नव्हे. तेथल्या ग्राहक-संघटनांनी कंपनीला जाहीर पत्रे लिहिली, कायद्याचा दाखला दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनी नमली. युरोपीय संघाने तर डिजिटल मालाला साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे बंधन घालणारा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आणला. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. पाच वर्षे म्हणजे काही फार नव्हेत. तरीही मागितले त्यांना मिळाले, हा मुद्दा आहे. ज्या मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांनी महागाईविरुद्ध बायकांच्या हाती लाटणी दिली, जेथे १९७५ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, तेथून ह्या प्रश्नावर चार ओळींचे निवेदनही जाऊ नये?

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी ह्या, गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या कंपनीची ईमेलसारखी सेवा एकाएकी तोडली; प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर ती पूर्ववत झाली. रशियन भांडवलाच्या त्या कंपनीबद्दल आपल्याला प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण भारतीय भूमीवर, भारतीय कायद्याने चालणाऱ्या कारखान्याचा टपालपेटारा भारतीय कायद्यात नसलेल्या निर्बंधासाठी बंद होतो, हे ज्यांना खटकत नाही त्यांनी स्वदेशीच्या गप्पा बंद कराव्यात.

ह्या देशाने एकेकाळी ह्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते, आणि ते आपल्या विचारांच्या माणसांनी दिले होते. आयबीएम ही कंपनी पाश्चात्त्य बाजारात जुनी ठरलेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून भारतात भाड्याने देत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परकीय भांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याचे बंधन आले. जनता सरकार आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस त्यावर ठाम राहिले. १९७८ साली आयबीएम गाशा गुंडाळून गेली. तेव्हाही इंग्रजी वृत्तपत्रांनी आक्रोश केला होता, की आता देशातले संगणक बंद पडणार. पडले नाहीत. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी आधीच उभी होती. नावातच देखभाल असलेल्या ह्या कंपनीने आयबीएमच्या मागे राहिलेल्या यंत्रांचा सांभाळ केला, आणि पुढे रेल्वे-आरक्षणाची संगणकीय व्यवस्थाही तिनेच उभारली. बनवणारा सोडून गेला तरी यंत्र बेवारस होत नाही, त्याला सांभाळण्याची जबाबदारी समाज घेऊ शकतो, हे तिने दाखवून दिले. त्या सीएमसीतला ५१ टक्के हिस्सा २००१ साली केंद्र सरकारने टाटा समूहाला विकला. निर्गुंतवणुकीच्या यशोगाथेत ह्या विक्रीचा आकडा असतो. तिच्याबरोबर कोणती क्षमता गेली ह्याचा हिशेब नसतो.

त्याच सुमारास महाराष्ट्र शासनाने एमएस-सीआयटी सुरू केले. लाखो मुलामुलींनी फी भरून संगणक शिकला. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. शिकवले काय? प्रामुख्याने विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस. एका खासगी मालाची सवय लावण्याचा खर्च सरकारी आशीर्वादाने गरिबांच्या खिशातून झाला. केरळने त्याच दशकात दुसरी वाट धरली. तेथील सरकारी शाळा विंडोज सोडून मुक्त प्रणालीवर, म्हणजे लिनक्सवर गेल्या. शिक्षकांच्या संघटनांनी तो बदल आपला मानला, हजारो शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आणि राज्याच्या संस्थेने मल्याळमसह स्वतःची आवृत्ती घडवली. तेथील शाळेला १४ ऑक्टोबरची फिकीर नाही.

"पण लिनक्सलाही मुदत असतेच ना?" असा प्रश्न हुशार वाचक विचारील. असते. फरक असा, की पुढची आवृत्ती फुकट मिळते, बहुधा जुन्याच यंत्रावर चालते, आणि मूळ आज्ञावली उघडी असल्याने मूळ लेखकांनी हात झटकले तरी दुसऱ्या कोणालाही ती दुरुस्त करता येते. अडचणी नाहीत असेही नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने मोठा गाजावाजा करून लिनक्स आणले आणि २०१७ साली परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती दिली. २०१५ साली केंद्राने मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. पण धोरण फायलीत राहिले आणि निविदा विंडोजच्या निघत राहिल्या. माणसे तयार न करता नुसती तबकडी वाटून प्रणाली बदलत नाही.

तेव्हा मागायचे काय? देशात जोवर एखादी प्रणाली मोठ्या संख्येने वापरात आहे, तोवर तिच्यातल्या सुरक्षेच्या उणिवा विकणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करून दिल्याच पाहिजेत. तसे करायचे नसेल तर मूळ आज्ञावली आणि दुरुस्तीचा हक्क सी-डॅकसारख्या सार्वजनिक संस्थेकडे सोपवावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सॉफ्टवेअरमधला दोष त्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत आणावा. कंपनी अनंतकाळ कशी सांभाळणार, हा आक्षेप येईल. अनंतकाळ कोणी मागत नाही. यंत्राचे लोखंड जोवर चालते तोवरचे मागणे आहे, आणि ज्याला ते जड वाटते त्याने किल्ली सोडावी. सहकार खात्याने पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात संगणकाची तपासणी आणावी, आणि बदलाचा खर्च ठेवीदारांवर पडू नये म्हणून त्यासाठी निधी द्यावा. शासनाची नवी खरेदी मुक्त प्रणालीचीच व्हावी. शासनाची संकेतस्थळे आणि डिजिटल सहीची साधने त्या प्रणालीवर चालत नाहीत ही सबब शासनानेच निर्माण केलेली आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत टायपिंगवाल्याने काय करावे हेही सांगणे आपले काम आहे. जुन्या फाँटांसाठी ठेवलेल्या यंत्राची इंटरनेटची वायर काढून टाकावी, त्यावर बँकेचा व्यवहार कधीही करू नये, आणि बाहेरचा पेनड्राइव्ह त्यात घालताना दहादा विचार करावा. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. खंडणीखोराला त्याहून मोठी चपराक नाही. विंडोज ११ न पेलणारे दुसरे यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. ब्राउझर, पत्रलेखन, छपाई एवढे काम ते सहज करते.

कॅम्प ४ च्या शाखेने एक काम ताबडतोब हाती घ्यावे. माहिती अधिकाराखाली महापालिकेकडे, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयांकडे व प्रसूतिगृहांकडे एकच प्रश्न टाकावा: आपल्याकडे एकूण संगणक किती आणि त्यांपैकी मुदत संपलेल्या प्रणालीवर किती चालतात? यंत्र कोठे आहे, जाळे कसे जोडले आहे, हे विचारू नये. ती माहिती चोराच्या उपयोगाची, आणि ती मागितली तर नकार द्यायला अधिकाऱ्यालाही निमित्त मिळेल. आकडा तेवढा पुरे. दरम्यान सुभाष टेकडी ते व्हीनस चौक एवढ्या पट्ट्यातल्या दुकानांची यादी आपण स्वतः करावी. आयटीआयमध्ये संगणकाचा ट्रेड शिकणारी पाच-सहा मुले बरोबर घेतली तर दोन रविवारांत ते काम होते. कोणाकडे किती यंत्रे, कोणती प्रणाली, कोणते मराठी फाँट अडतात, हे तीन रकाने असलेली वही पुरे.